पांगरदऱ्याच्या तलावाला ताप

जामखेडपासून अकरा किलोमीटरवर पांगरदरा नावाचं गाव आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. मागच्या वर्षी मार्चच्या शेवटी या तलावाला ताप आला. नऊ दिवस तो उतरला नाही.

तलावाचा ताप मोजायचं काम राजेश्वरीचं होतं. ती संगमनेरच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता लहान तलावांचं पाणी. समुद्र किती तापतोय हे बघायला उपग्रह आहेत, जहाजं आहेत, माणसं आहेत. पांगरदऱ्याच्या तलावाला मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. उन्हानं वरचं पाणी तापलं की ते हलकं होऊन वरच राहतं, खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. मग तळाला हवा पोचत नाही आणि मासे वर येऊन तोंडं उघडून बसतात. दरवर्षी ऊन वाढतंय, तर या तलावांचं नेमकं काय होतंय, हे तिला शोधायचं होतं.

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक कल्याण पठारे. ते नगरचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून ते समुद्राच्याच बाजूचे झाले. समुद्रातसुद्धा उष्णतेच्या लाटा येतात, सलग पाच दिवस पाणी त्या तारखेच्या मानानं फार गरम राहिलं की ती लाट धरतात, हे ते चहा घेता घेता कुणालाही समजावून सांगत. आदल्या वर्षी गोव्याच्या परिषदेत एका समुद्रवाल्या शास्त्रज्ञानं जेवताना त्यांना अगदी आपुलकीनं विचारलं होतं, "तुमच्या जिल्ह्यात पाणी असतं का?" सर म्हणाले होते, "अधूनमधून." या उत्तराचा त्यांना वर्षभर पस्तावा होत होता.

फेब्रुवारीत दोघांनी पांगरदऱ्याला येऊन तलावात पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन सोडला. कॅनला दोन यंत्रं. एक तारेनं तळाशी सोडलेलं. दुसरं वरच, पाण्यात अर्धं बुडालेलं: अंड्याएवढी गुळगुळीत पांढरी कुपी, कडीनं अडकवलेली. दोन्ही यंत्रं दर दहा मिनिटांनी आपापलं तापमान काठावरच्या एका डबीला कळवायची आणि डबी ते मोबाईलच्या टॉवरवरून संगमनेरला पाठवायची. डबीवर आकडेही दिसायचे.

डबी लावली झुंबरबाईच्या भिंतीवर, कारण तलावाला सगळ्यांत जवळचं घर तिचंच. झुंबरबाई पन्नाशीची. नवरा आणि दीर ऊसतोडीला गेलेले. ती या वर्षी गेली नव्हती, कारण तिची म्हैस सगुनी गाभण होती. नवरा रोज संध्याकाळी फोन करायचा, आधी म्हशीची चौकशी करायचा आणि मग वेळ उरला तर झुंबरबाईची.

"मावशी, दर सोमवारी दोरी ओढून कॅन काठाला घ्यायचा," राजेश्वरीनं तिला सांगितलं होतं. "वरची कुपी सोडवायची, शेवाळ पुसायचं, परत अडकवायची. एवढंच काम."

"आन् साबन?"

"साबण नको. नुसतं फडकं."

झुंबरबाईला साबणाशिवाय धुणं म्हणजे धुणं वाटत नव्हतं, पण शिकलेल्या पोरीचं ऐकायचं म्हणून तिनं मान हलवली. पाच सोमवार तिनं कुपी नेमानं पुसली. सहाव्या सोमवारी पुसून झाल्यावर तिनं ती वाळायला म्हणून घमेल्याच्या काठावर ठेवली. घमेल्यात सगुनीची सरकी पेंड भिजत होती. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. झुंबरबाई आत गेली, कुपी घरंगळून पेंडीत पडली आणि सगुनीनं ती पेंडीबरोबर गिळली. ही गोष्ट त्या वेळी सगुनीशिवाय कुणालाच माहीत नव्हती, आणि सगुनीनंही तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नसावं.

झुंबरबाईनं कुपी सगळीकडे शोधली. अंगणात, गवताच्या गंजीखाली, कोंबड्यांच्या डालग्यात. म्हशीवर तिचा संशय गेला नाही, कारण सगुनी खाण्यापिण्यात फार चोखंदळ होती, कडबा जरा जुना असला तर तोंड फिरवायची. दुपारपर्यंत शोधून झुंबरबाई दमली. कॅन तर रिकामा सोडता येत नव्हता. मग तिनं घरातला एक पांढरा कांदा घेतला, कुपीच्याच मापाचा, सुतळीनं कॅनला बांधला आणि कॅन पाण्यात ढकलला. लांबून काही फरक दिसत नव्हता. मॅडम आल्या की तोंडावर सांगू, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी ती भीतभीतच डबीसमोर उभी राहिली. आकडा बंद पडलेला असणार. पण आकडा चालू होता. रोज एकोणतीस-तीस असायचा, आज एकोणचाळीस होता.

झुंबरबाई विचारात पडली. कांद्याचं तापमान डबीला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी तिनं कांदा काढून वांगं बांधून बघितलं. आकडा एकोणचाळीस. वांगं काढून नुसती सुतळी ठेवली. एकोणचाळीस. तेव्हा तिचं असं मत झालं की या डबीला काय बांधलंय याच्याशी घेणंदेणं नाही, ती आपल्या मनानंच सांगते. तिनं पुन्हा कांदा बांधला, कारण त्याचा रंग तरी बरा होता. आणि पुढच्या सोमवारी कबूल केलेलं काम म्हणून तिनं कांदाही फडक्यानं पुसला.

इकडे संगमनेरला पहिल्या दिवशी राजेश्वरीला वाटलं, यंत्र बिघडलं. तिनं झुंबरबाईला फोन केला.

"मावशी, वरचं यंत्र जागेवर आहे ना?"

झुंबरबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. ती म्हणाली, "जागेवर जे हाय ते मस तरंगतंय."

"पाणी गरम लागतंय का हाताला?"

"पान्यावानी लागतंय."

तिसऱ्या दिवशीही एकोणचाळीस होता, चौथ्या दिवशीही. दिवसा तेवढाच, रात्रीही तेवढाच. राजेश्वरीला हे पटेना. रात्री हवा वीसवर उतरते आणि पाणी जागचं हलत नाही, असं कसं? पण पठारे सरांनी आलेख बघितला आणि खुर्ची ओढून बसले. तळाचं यंत्र चोवीस दाखवत होतं. वर एकोणचाळीस, खाली चोवीस. एवढ्याशा तलावात पंधरा अंशांचा फरक त्यांनी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

"आणि हे बघ," ते म्हणाले. आलेखात रोज दोन वेळा खड्डा पडत होता. सकाळी दहाला आणि दुपारी चारला तापमान एकदम पस्तीसपर्यंत घसरायचं आणि तासा-दीड तासात पुन्हा वर यायचं. मधले काही तास तर आकडेच येत नव्हते. "तळाचं गार पाणी उसळून वर येतंय. समुद्रात असं होतं, किनाऱ्याजवळ. त्यानंच तिथं मासे पोसतात. राजेश्वरी, हा तलाव समुद्रासारखा वागतोय."

"सर, घड्याळ लावून?"

"निसर्गाला शिस्त असते," सर म्हणाले. सहाव्या दिवशी त्यांनी जूनमधल्या गोव्याच्या परिषदेला निबंधाचा सारांश पाठवून दिला. आठव्या दिवशी तो स्वीकारल्याचं पत्र आलं.

मधल्या काळात गावाला बातमी कळली. राजेश्वरीनं पाण्याची चौकशी करायला सरपंच बिभीषण आण्णांना फोन केला होता. तलावाला एकोणचाळीस ताप आहे एवढं आण्णांनी ऐकलं आणि ते तडक तलावावर गेले, धोतर वर घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "हाय. आत कढ हाय."

त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांना कढ जाणवू लागला. गुडघे दुखणारी पाच-सहा माणसं रोज सकाळी येऊन पाय बुडवून बसायला लागली. त्यातल्या दोघांना उतार पडला. एकाला सर्दी झाली, पण ते त्यानं पाण्यावर घेतलं नाही. आण्णांनी रस्त्याच्या फाट्यावर 'गरम पाण्याचा तलाव, पांगरदरा' असा बोर्ड लावायचं ठरवून पेंटरला बोलावून घेतलं. झुंबरबाई हे सगळं ओट्यावरून बघत होती. त्याच पाण्यानं ती रोज सकाळी तोंड धूत होती आणि ते गारच लागत होतं. पण पाय बुडवून बसलेल्यांत तिची चुलत सासू होती, म्हणून ती गप्प राहिली.

राजेश्वरीचं लक्ष मात्र त्या खड्ड्यांवरून हटत नव्हतं. तिनं सगळे आकडे पुन्हा मांडले आणि तिला एक गोष्ट दिसली. रोज दहाला पडणारा खड्डा मंगळवारी बाराला पडला होता. मागच्या मंगळवारीही बाराला आणि या मंगळवारीही. तळाच्या पाण्याला मंगळवार कसा कळतो?

तिनं फोन लावला. "मावशी, मंगळवारी तुमच्याकडे काय असतं?"

"बाजार. शेजारच्या गावात."

"मग तुम्ही बाजाराला जाता?"

"जाते की. भाजी आनते, पेंड आनते. यायला बारा वाजत्यात. म्हस बिचारी तवर तहानलेली ऱ्हाती. आल्याबरुबर आधी तिला पानी दावते, मग माझा च्या."

"आणि एरवी कधी पाणी दाखवता?"

"धाला. आन् चारला, चरून आली की."

राजेश्वरीनं फोन ठेवला. मग तिनं एक पुस्तक काढून गुराढोरांच्या पोटातलं तापमान किती असतं ते बघितलं. एकोणचाळीस. दहाव्या दिवशी सकाळी ती सरांना म्हणाली, "सर, गोव्याच्या आधी एकदा जागेवर जाऊन येऊ या."

"जायचंच आहे. फोटो लागतील," सर म्हणाले. त्यांनी नवा शर्ट घातला होता.

जीपनं ते दोघं साडेतीनच्या सुमारास पांगरदऱ्याला पोचले. काठावर बिभीषण आण्णा, पाय बुडवलेली मंडळी आणि पेंटर असे सगळे हजर होते. सरांनी हातातला थर्मामीटर पाण्यात धरला. अठ्ठावीस पूर्णांक चार. त्यांनी तो झटकला, पुसला आणि पुन्हा धरला. अठ्ठावीस पूर्णांक चार.

"साहेब, आज जरा उतरलाय ताप," आण्णा म्हणाले.

सरांनी दोरी ओढायला घेतली. कॅन काठाला आला. कॅनला सुतळीनं कांदा बांधलेला होता. त्याला हिरवीगार पात फुटली होती, चांगली वीतभर. सरांनी तो हातात धरला. राजेश्वरीच्या मोबाईलवर त्या क्षणी वरच्या यंत्राचं तापमान कोरं होतं, म्हणजे यंत्र डबीच्या टप्प्यात नव्हतं.

"मावशी," सर हळूच म्हणाले, "हे काय आहे?"

"कांदा हाय," झुंबरबाई म्हणाली. पदर सावरून ती पुढे आली. "सर, मी मॅडम आल्या की सांगनारच हुते. ते तुमचं अंडं हरवलं माझ्याकडनं. लई शोधलं. मग रिकामं बरं दिसंना म्हनून ह्यो बांधला. पर तुमची डबी कांद्याचं बी सांगती आन् वांग्याचं बी. ती डबी काय खरी न्हाई."

सर कांद्याकडे बघत राहिले. गोव्याचं पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून झुंबरबाईला इतकं वाईट वाटलं की ती पाणी आणायला आत गेली.

चार वाजले. बांधावरून सगुनी सावकाश चालत आली. राजेश्वरीच्या मोबाईलनं टुणकन आवाज केला: एकोणचाळीस पूर्णांक दोन. म्हैस जवळ आली तसा सिग्नल वाढत गेला. ती हौदापाशी थांबली तेव्हा सिग्नल पूर्ण भरला. सगुनीनं हौदात तोंड घातलं आणि आरामात पाणी प्यायली. दहा मिनिटांनी मोबाईल पुन्हा वाजला: पस्तीस पूर्णांक एक.

"सर," राजेश्वरी म्हणाली, "तुमचं गार पाणी वर आलं."

सर कांदा हातात घेऊन म्हशीजवळ गेले. त्यांनी मोबाईल बघितला, मग म्हैस बघितली, मग पुन्हा मोबाईल. सगुनीनं त्यांच्या हातातला कांदा हुंगला, पातीसकट घेतला आणि खाऊन टाकला.

"ती तसलं खात न्हाई कधी," झुंबरबाई ओशाळून म्हणाली.

त्यानंतर सगळ्यांना एकदमच म्हशीची काळजी वाटायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सगुनीचं पोट बाहेरून चाचपलं, कुपीचा फोटो बघितला आणि हात धुतले. "गुळगुळीत आहे, जड आहे. पोटात तळाशी जाऊन बसली असेल. तिथंच राहील, हिला काही त्रास नाही. परदेशात मोठ्या गोठ्यांत असली यंत्रं मुद्दाम गिळायला घालतात. वासरालाही धोका नाही. काढायची म्हणाल तर पोट फाडावं लागेल."

"न्हाई," झुंबरबाई, राजेश्वरी आणि बिभीषण आण्णा एकाच वेळी म्हणाले. सरांनी थोडं थांबून म्हटलं, "नको. बॅटरी वर्षभर आहे."

जीप परत निघाली. नगरला चहा घेताना सर म्हणाले, "परिषदेला कळवायला हवं."

"कळवू या," राजेश्वरी म्हणाली. "पण सर, आपल्याकडे रोजचे म्हशीचे आकडे येतायत. तलावात दुसरी कुपी टाकली तर दोघांचे येतील. तलाव तापला की म्हशीला काय होतं, ते तरी बघू."

तसं त्यांनी केलं. नवी कुपी तलावात आली. झुंबरबाईनं ती सोमवारी पुसायची आणि पुसल्यावर पदराच्या गाठीत बांधूनच पाण्यापर्यंत न्यायची, असं तिचं तिनंच ठरवलं. डबीवरचा तिचा विश्वास पुन्हा बसला. उलट आता ती रोज सकाळी आकडा बघून सगुनीला "बरी हायेस ना" असं विचारायची, आणि नवऱ्याचा फोन आला की त्याला पूर्णांकांसकट सांगायची.

आकड्यांनी हळूहळू जे सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. मेमध्ये तलावाचं वरचं पाणी दुपारी चौतीसवर गेलं. एप्रिलमध्ये सगुनी तासभर पाण्यात बसली की तिच्या अंगातली उष्णता उतरायची. मेमध्ये ती तीन तास बसली तरी दिवस मावळेपर्यंत फरक पडेना. पाणी प्यायल्यावर पडणारा खड्डाही उथळ होत गेला, कारण हौदातलं पाणी तलावातनंच यायचं. तळाचं यंत्र अजून सव्वीसवर होतं, वरखालचं पाणी एकमेकांत मिसळत नव्हतं, आणि एके सकाळी झुंबरबाईनं फोन करून सांगितलं की मासे काठाला येऊन तोंडं वर काढून उभे आहेत. राजेश्वरीनं वेळ आणि तारीख लिहून घेतली. मग तिनं झुंबरबाईला हौदावर छप्पर घालायला सांगितलं. बिभीषण आण्णांनी त्यासाठी तो रंगवलेला बोर्ड दिला, चांगला रुंद पत्रा होता.

जूनमध्ये सर गोव्याला गेले. त्यांनी निबंधाचं नाव बदललं होतं आणि पहिल्याच चित्रात कांद्याचा फोटो लावला होता. काय काय झालं ते त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सभागृह पाच मिनिटं हसत होतं. मग मेचे आकडे आले तशी मंडळी शांत झाली. शेवटी तोच समुद्रवाला शास्त्रज्ञ उभा राहिला.

"एकूण म्हशी किती?" त्यानं विचारलं.

"एक," सर म्हणाले.

"आम्ही दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात सील प्राण्यांच्या डोक्यावर यंत्रं चिकटवतो," तो म्हणाला. "जिथं जहाज जात नाही तिथं ते बुडी मारून येतात. पण आमच्या सीलनं कधी स्वतःहून यंत्र घेतलेलं नाही."

त्या दिवशी जेवताना तो सरांच्या शेजारी बसला आणि म्हैस दिवसातून किती वेळ पाण्यात बसते, हे त्यानं कागदावर लिहून घेतलं. सरांनी राजेश्वरीला फोन करून हे दोनदा सांगितलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी राजेश्वरी कॉलेजात होती. मोबाईलवर सगुनीचा आकडा आदल्या संध्याकाळपासून अर्ध्या अंशानं उतरलेला दिसत होता. पाणी प्यायल्यावर उतरतो तसा नाही, सलग. तिला वाटलं, बॅटरी संपत आली. खात्री करायला तिनं जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बॅटरी नाही. विण्याच्या आधी अंग असं उतरतं. आज-उद्यात होईल."

राजेश्वरीनं घाईघाईनं झुंबरबाईला फोन लावला. "मावशी, ऐका, सगुनी आज विणार आहे. यंत्र सांगतंय."

"व्हय," झुंबरबाई शांतपणे म्हणाली. "मी रातच्यापासून हितंच बसलीय तिच्यापाशी. तुझ्या यंत्राला आत्ता कळलं व्हय?"

दुपारी पारडी झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. सरांनी राजेश्वरीमार्फत विचारून बघितलं की पारडी मोठी झाल्यावर तिलाही एक कुपी देता येईल का. झुंबरबाईनं निरोप दिला की तिला आधी गवत खायला येऊ द्या, बाकीचं मग तिलाच विचारा.

चौथ्या दिवशी बिभीषण आण्णा काही कामानं संगमनेरला आले तेव्हा त्यांच्या हाती झुंबरबाईनं स्टीलचा डबा दिला होता. आत खरवस होता, वेलदोडा घातलेला. पठारे सर, राजेश्वरी, आण्णा आणि प्रयोगशाळेतला शिपाई अशा चौघांनी तो उभ्या-उभ्याच संपवला. मग राजेश्वरीनं डबा घासला आणि रिकामा कसा परत पाठवायचा म्हणून त्यात पेढे भरले.